लाल दाण्याचा भागोजी

हेदवीच्या वरच्या वाडीत कुणी आजारी पडलं, की डॉक्टरच्या आधी भागोजीला हाक जायची. तुम्ही म्हणाल, भागोजी काय वैद्य होता? छे हो! सुंठ आणि ओवा यांपलीकडे त्याला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आजाऱ्याला बघायला हात हलवत जायचं नसतं, फळ न्यायचं असतं. फळात फळ डाळिंब, आणि डाळिंबातलं कळतं ते एका भागोजीला, असं वाडीनं ठरवून टाकलं होतं. वाडीच्या आधी खुद्द भागोजीनं ते ठरवलं होतं, ही गोष्ट निराळी.

त्याचं थोडंफार खरंही होतं म्हणा. मुंबईच्या फळबाजारात एका दलालाच्या गाळ्यावर त्यानं उमेदीची वर्षं घालवली. काम एकच. पेंढ्यात बसायचं, समोर डाळिंबांचा ढीग, आणि चांगलं इकडे, मध्यम तिकडे, किडकं मागे. फळ हातात घेतलं की वजनावरून रस सांगायचा. नखानं टिचकी मारायची. पत्र्यासारखा आवाज आला तर तयार, बद्द आला तर अजून कच्चं. बाजूच्या कडा चपट्या झाल्यात का बघायच्या. यात तो कधी चुकला नाही, आणि दलालही त्याला मान देई. पुढं गुडघे गेले, तसा तो गावी येऊन राहिला. मुंबईहून येताना ट्रंक एकच होती, पण शहाणपण मात्र दोन हमाल लागतील एवढं घेऊन आला.

संध्याकाळी पडवीत बसून तो ते वाटायचा, डाळिंबाच्या एकेका जातीचं नाव घेऊन. "गणेश म्हणजे काय? नुसतं साखरपाणी. दाणा मोठा, बी मऊ, दात पडलेल्या म्हाताऱ्याला ठीक हाय. मस्कत सालीनंच जाड, आत बघाल तर फिकट. पण आळंदी बगा! बी जरा टणक आसंल, चव जरा आंबूस आसंल, पण दाणा कसा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा! दाणा जेवढा लाल, तेवढं रक्त. साधा हिशोब हाय."

हिशोब इतका साधा होता की कुणाला शंकाच आली नाही. एका त्याच्या बायकोला, मथुराला, सोडून. ती चुलीपुढून म्हणायची, "मग मिरची बी लालच आस्ते. ती का नाय घालत आजाऱ्याच्या तोंडात?"

"तू गप गो," भागोजी म्हणायचा. "तुला बाजार म्हायत नाय."

तर अशी ही पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी त्याची एकुलती एक पोर विमला पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. नवरा जहाजावर, सासर सावर्ड्याला, हमरस्त्याला लागून. घरात सासू आनंदीबाई, विधवा, पण कामाला वाघीण. घराला मंगलोरी कौलं, दारात पंप. पोर चांगल्या घरात पडली याचा भागोजीला केवढा तोरा! आणि तोऱ्याच्या मागोमाग तेवढीच धास्ती. सावर्ड्याची माणसं उद्या म्हणतील, माहेरी पोरीला काय खायला घातलं तर नाचणीची भाकर!

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे नाचणी पिकते कातळावर, आणि खायची असते दार लावून. पाव्हणा आला की भात. नाचणी म्हणजे गरिबाचं अन्न, अशी समजूत. पिकतं तिथं विकत नाही, ते असं. भागोजी तर मुंबई बघून आलेला. त्यानं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "विमला हाय तवर या घरात नाचणी नको, कुळथाची पिठी नको आन् जवळा तर नकोच नको. भात आन् डाळिंब."

"पोर काय पोपट हाय?" मथुरा म्हणाली.

गावच्या सरकारी दवाखान्यातली सावित्री सिस्टर वाडीत फेरी करायची. तिनं विमलाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "रक्त कमी आहे हिच्यात. या गोळ्या रोज घ्या, न चुकता. आणि नाचणी, पालेभाजी, सुकट, जे घरात असेल ते पोटभर खाऊ दे."

या एवढ्या बोलण्यातलं भागोजीच्या कानात शिरलं ते 'रक्त कमी' एवढंच. झालं! त्याच्या हयातभरच्या विद्येला आता घरातच काम मिळालं. मुंबईहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला सांगून त्यानं आळंदीची डाळिंबं मागवली, निवडून, वेचून, अस्सल लाल. रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः सोलून वाटीभर दाणे विमलासमोर ठेवायचा आणि ती खाईपर्यंत समोरून हलायचा नाही. गोळ्यांनी पहिल्या दिवशी तिला उलटी झाली, तेवढं निमित्त त्याला पुरलं. "या लोखंडाच्या गोळ्यांनी मूल काळं निपजतं," असं म्हणून त्यानं पुडी फडताळावर फेकली. तिला हात लावायची मग कुणाची टाप नव्हती.

विमला बिचारी बापाच्या शब्दाबाहेरची नव्हती. आंबूस दाण्यांनी दात शिवशिवायचे, टणक बिया चावताना हिरड्या दुखायच्या, तरी गुमान खायची. एकदाच म्हणाली, "आबा, मना जरा नाचणीची आंबील मिळंल काय?" भागोजीनं असं काही बघितलं की तिनं पुन्हा विषय काढला नाही. पुढं मथुरानं तिला चुलीमागची भाजकी माती खाताना धरलं. मथुरा घाबरली. भागोजी म्हणाला, "डोहाळे आस्तात गो तसले. दाणे खाऊ दे, जाईल आपोआप."

माहेरच्या ओटभरणीला आनंदीबाई सावर्ड्याहून आल्या. एका हातात करंडी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. करंडीत डाळिंबं होती. डब्यात नाचणीचं सत्त्व होतं. ते करणं म्हणजे काय खेळ आहे? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, पाट्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची, वरची निवळ काढून टाकायची आणि खालचा साका उन्हात वाळवायचा. बाईचे खांदे भरून येतात. पण सुनेचा फिका चेहरा ती माहेरी निघाली तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत भरला होता, तेव्हा घरचं सगळं सोडून त्यांनी ते केलं होतं.

ओटी भरली, आयाबाया गाणी म्हणून चहाला बसल्या, आणि भागोजीची जित्याची खोड उफाळून आली. तो माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. करंडीतलं एक डाळिंब उचललं, टिचकी मारली, सुरीनं चिरलं आणि पांढऱ्या ताटलीत उलटं धरून दाणे पाडले. फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरेच. शेजारी त्यानं आपलं आळंदी फोडलं. लालभडक!

"बगा आता सगळ्यांनी," तो म्हणाला. "हे विहीणबाईंचं गणेश. आन् हे आमचं. आवो विहीणबाई, या पांढऱ्या पाण्यानं पोरीला रक्त चढायचं कसं? हे तुमी आमच्या गाईला आणलंत काय?"

बायका खुदकन हसल्या. कुणी तोंडाला पदर लावून, कुणी तसंच. विमलानं मान खाली घातली. आनंदीबाईंचा चेहरा उतरला, तो सगळ्यांना दिसला. त्यांनी पदर सारखा केला.

"आसंल, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "तुमी मुंबैत ऱ्हायलात, तुमाला कळतं. आमच्या बाजारात होती ती मी आणली. सत्त्व मात्र तिला रोज द्या हां. हातानं केलंय."

"देऊ की!" भागोजी म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी मथुरा पाण्याला गेलेली बघून त्यानं तो डबा उघडला. पीठ! सावर्डेकरणीनं पीठ पाठवलं! म्हणजे आमच्या घरात पोरीच्या पोटाला नाही, असंच ना? रागाच्या भरात त्यानं सगळं सत्त्व गाईच्या आंबोणात ओतलं आणि हातानं कालवलं. गाईनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मथुराला त्यानं सांगितलं, उंदरांनी डबा पाडला, सगळं मातीत गेलं. मथुरानं डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. आनंदीबाईंची डाळिंबं तेवढी तिनं उचलून आतल्या फळीवर ठेवली.

नंतर महिन्याभरानं सावित्री सिस्टर पुन्हा आली. विमला आता भिंतीला धरून उठत होती, चार पावलांत धापा टाकत होती. पावलं सुजली होती. सिस्टरनं तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला. मग पिशवीतून एक कार्ड काढलं. कार्डावर लाल रंगाच्या पट्ट्या होत्या, वर गडद, खाली खाली फिकट होत गेलेल्या. थेंबाचा रंग ज्या पट्टीशी जुळेल तेवढं रक्त.

आता सांगा, उभा जन्म लालाशी लाल ताडून बघण्यात गेलेला माणूस, तो अशा वेळी गप्प बसेल का? भागोजी पुढं वाकला. त्याला अजून खात्री होती. एवढी आळंदी पोटात गेली, थेंब वरच्याच पट्टीवर बसणार!

सिस्टरनं कागद वरच्या पट्टीशी धरला. नाही. खालच्या. नाही. आणखी खालच्या. भागोजीच्या डोळ्यांना तोवर कळून चुकलं होतं. त्यांना कार्ड वाचायची गरजच नव्हती. शेवटून दुसरी पट्टी, तीच ती. सिस्टर अजून कागद सरकवतच होती, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ती... ती खालची."

सिस्टरनं कागद त्या पट्टीशी नेला. जुळला.

तो थेंब लाल नव्हताच. विहीणबाईंच्या डाळिंबाचा दाणा होता तसा होता, फिकट, पाणीदार. आपल्या पोरीचं रक्त ते.

"गोळ्या घेतेस ना गं?" सिस्टरनं विचारलं. विमला बापाकडे बघायला लागली. मथुरानं फडताळावरून पुडी काढून सिस्टरच्या हातात दिली. एक गोळी कमी होती, बाकी सगळ्या तशाच.

सिस्टर भडकली, आणि का भडकू नये? "माणसं आहात की कोण? ही बाळंत होताना थोडंसं रक्त गेलं तरी हातची जाईल. मग काय डाळिंबं घालाल तिच्या पिंडाला? आजच्या आज रत्नागिरीला न्या."

दुसरा कुणी असता तर भागोजीनं त्याला खळ्याबाहेर काढलं असतं. त्या दिवशी तो पायात वहाणा सरकवून पोस्टाकडे निघाला.

सावर्ड्याला तार केली. तवसाळहून तरीत बसून खाडी ओलांडली, जयगडला एसटी धरली. तरीत ओळखीची माणसं भेटली. एकानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "काय भागोजी, पोरीला डाळिंब चारतोस ना?" भागोजीनं पाण्याकडे तोंड फिरवलं.

रत्नागिरीच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीण बाई तरुण होती, पण शांत. तिनं सगळं विचारून घेतलं. काय खाते, किती खाते. भागोजीनं सांगितलं. आळंदीचं नाव घेताना त्याचा आवाज खाली गेला.

"बाबा, डाळिंब वाईट नाही," ती म्हणाली. "आजाऱ्याला तरतरी येते, तोंडाला चव येते. पण दाण्याचा लाल रंग हा नुसता रंग. त्याचा रक्ताशी काही संबंध नाही. तुमचं आळंदी घ्या नाहीतर गणेश घ्या, रक्ताला लागतं ते लोह दोन्हींत जेमतेमच. त्यापेक्षा तुमच्या नाचणीत किती तरी जास्त. नाचणी देत होता ना?"

भागोजीला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं. मथुरानंच मान हलवून नाही म्हटलं, आणि ते त्याला जास्त झोंबलं.

विमलाला बाहेरचं रक्त द्यायला लागणार होतं, आणि घरच्या कुणी तरी दिल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. मथुराचं जुळलं नाही. भागोजीचं जुळलं! त्याचा जीव जरा वर आला. बाही सरसावून तो जवळजवळ धावतच गेला. निदान एवढं तरी आपल्या हातून होईल, पोरीच्या अंगात आपलं रक्त जाईल, केल्याची थोडी भरपाई होईल. पण म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. तपासणाऱ्या माणसानं थेंब बघितला आणि मान हलवली.

"काका, तुमचंच रक्त पातळ आहे. तुमचं घेतलं तर तुम्हालाच खाटेवर घालावं लागेल."

"माजं?" भागोजी म्हणाला. "आवो, मी जन्मभर डाळिंबात ऱ्हायलोय!"

रांगेतली दोन माणसं हसली. त्यांना काय ठाऊक! पण भागोजीला त्या हसण्यात ओटभरणीच्या बायकांचं हसू ऐकू आलं. ते हसू त्यानं दुसऱ्यावर आणलं होतं. आज ते त्याच्या वाट्याला आलं. सरसावलेली बाही तशीच ठेवून तो बाहेर व्हरांड्यात आला.

आणि समोरून आनंदीबाई आल्या. तार हातात पडताच एसटी धरून निघाल्या होत्या. अंगावर कामावरचंच लुगडं, खांद्याला पिशवी. भागोजीकडे त्यांनी पाहिलं न पाहिलं, सरळ मथुराला विचारलं, "कशी हाय पोर?" मथुरानं रडत रडत सांगितलं. आनंदीबाईंनी जन्मात सुई टोचून घेतली नव्हती. त्यांनी पिशवी मथुराजवळ ठेवली आणि आत गेल्या.

"माजी सून हाय," त्या तपासणाऱ्या माणसाला म्हणाल्या. "बगा माजं जुळतं काय."

जुळलं. आणि रक्त भरपूर निघालं. तो माणूस म्हणाला, "मावशी, या वयात एवढं चांगलं रक्त! खाता काय?" आनंदीबाई म्हणाल्या, "काय खानार? भाकर." भागोजी दारातच उभा होता. त्यानं ते ऐकलं.

संध्याकाळी बाटलीतलं रक्त थेंब थेंब विमलाच्या अंगात जायला लागलं. डॉक्टरीण बाई बघून गेली आणि म्हणाली, वेळेवर आणलीत, आता काळजी नाही, आणखी एक बाटली देऊ. मथुरा लेकीच्या उशाशी बसली. बाहेरच्या बाकावर आनंदीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, जरा घेरी आल्यासारख्या. आतून नर्स ओरडली, "अहो, त्या मावशींना काहीतरी खायला द्या! फळबिळ आहे का?"

मथुरानं घाईत भरलेल्या पिशवीत भागोजीनं हात घातला. डाळिंब हाताला लागलं. बाहेर काढलं, तर आनंदीबाईंच्याच करंडीतलं गणेश. फळीवर राहून साल सुकली होती, आत मात्र फळ तसंच होतं. नखानं टिचकी मारायला त्याचं बोट सवयीनं वर आलं आणि तसंच थांबलं. खाली मान घालून त्यानं ते सोललं, दाणे वाटीत काढले आणि वाटी विहीणबाईंच्या पुढं धरली.

आनंदीबाईंनी चार दाणे तोंडात टाकले. कुठलं डाळिंब ते त्यांनी ओळखलं असणार. मग आपली पिशवी पुढं ओढून त्यांनी तसाच एक पत्र्याचा डबा बाहेर काढला.

"आणखी करून आणलंय," त्या म्हणाल्या. "पहिलं पुरलं काय हो तिला? मानवलं?"

आता उंदरांची गोष्ट तयार होती. मथुरानं ती ऐकली होती, विहीणबाईंनीही ऐकून घेतली असती. भागोजीच्या जिभेवर ती आलीसुद्धा. पण समोर त्या बाईच्या दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेला होता, आणि त्या बोळ्यावरचा ठिपका लाल होता. गडद, वरच्या पट्टीचा.

"तिला दिलंच नाय मी," तो म्हणाला. "गाईला घातलं. आंबोणात. मथुराला उंदराचं नाव सांगितलं." आणि मग एवढंच सुचलं, "लाज वाटते मना, विहीणबाई."

आनंदीबाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं त्याची तयारीही केली होती.

"गाय तरी धडधाकट हाय ना?" त्या म्हणाल्या.

भागोजीनं मान हलवली. दुसरं काय करणार?

"मग वाया नाय गेलं." त्यांनी डबा उचलला. भागोजीनं तो घ्यायला हात पुढं केला. आनंदीबाईंनी तो त्याच्या हाताशी नेलाच नाही. भिंतीला धरून उठल्या, पाय जरासा लटपटला तरी सावरल्या. "ह्यो मात्र मी मथुराबायच्या हातात देते," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

भागोजीचा हात तसाच पुढं राहिला. मग तो त्यानं मागं घेतला आणि वाटी मांडीवर ठेवून बसला. आतून विमलाचा आवाज आला, ती सासूला काहीतरी विचारत होती, हळू, पण धाप न लागता.

वाटीत दाणे उरले होते. जन्मभर ज्याला साखरपाणी म्हणून हिणवलं, त्यातला एक त्यानं तोंडात टाकला. गोड होता. बी मऊ होतं, दाताखाली लागलंही नाही. पोरीचे दात यानं शिवशिवले नसते. आणि हे त्याला सगळ्या वाडीत सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.